हाताले ठाऊक

मेहकरच्या एका कॉलेजात मी मानसशास्त्र शिकवते, त्याला यंदा बारा वर्षं झाली. विषय घेणाऱ्या पोरांपैकी निम्मी पोलीस भरतीच्या तयारीत असतात, बाकीच्यांना हा विषय सोपा असतो असं कुणीतरी सांगितलेलं असतं. आमची प्रयोगशाळा म्हणजे एक लोखंडी कपाट. त्यात दोन स्टॉपवॉच, चित्रांची कार्डं आणि आरशात बघून चित्र काढायचं एक लाकडी यंत्र आहे. फळीवर उभा आरसा, त्याच्यासमोर एक आडपडदा. फळीवर दुहेरी रेघेची छापील चांदणी ठेवायची. पडद्यामुळे आपला हात आपल्याला दिसत नाही, आरशातला तेवढा दिसतो, आणि तो बघून दोन रेघांच्या मधून पेन्सिल फिरवायची. करून बघितल्याशिवाय हे किती अवघड आहे ते कळत नाही. पेन्सिल पुढे सरकवावी तर आरशात ती मागे येते. कोपऱ्यावर आलं की हात अडून बसतो.

हे यंत्र दाखवताना मी दरवर्षी एका माणसाची गोष्ट सांगते. अमेरिकेतला सत्तावीस वर्षांचा तरुण, लहानपणापासून फिट्स येणारा. १९५३ साली डॉक्टरांनी त्याच्या मेंदूतला दोन्ही बाजूंचा थोडा भाग काढून टाकला. फिट्स कमी झाल्या, पण त्या दिवसापासून त्याच्या डोक्यात नवीन आठवण धरेनाशी झाली. समोरचा माणूस खोलीबाहेर जाऊन परत आला की त्याला तो नवा. पुढे एका संशोधक बाईंनी त्याच्यापुढे असाच आरसा आणि अशीच चांदणी ठेवली. तीन दिवस. दर दिवशी तो म्हणायचा, हे मी कधी पाहिलेलं नाही. आणि दर दिवशी त्याच्या चुका कमी होत गेल्या. तेव्हा जगाला कळलं की आठवण ही एकच एक गोष्ट नाही. माणसाला माहीत नसताना त्याचा हात शिकत असतो.

दरवर्षी सांगते. त्याच शब्दांत, त्याच जागी थांबून. तास संपायला पाच मिनिटं असताना ही गोष्ट बरोबर बसते, म्हणून सांगते, असंही म्हणायला हरकत नाही.

मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये तास संपला, पोरं बाहेर पडली आणि एक मुलगी बाकावर बसूनच राहिली. प्रतीक्षा नाव तिचं. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. मेहकरपासून नऊ किलोमीटरवरच्या गावाहून सकाळच्या एसटीने यायची. वर्गात तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"मॅडम, तो माणूस खराच होता, का पुस्तकापुरता?"

"खराच होता. ब्याऐंशी वर्षं जगला."

"अन् त्याले काईच ध्यानात राहत नव्हतं, तरी त्याचा हात शिकला?"

"हो."

तिने वहीचा कोपरा दुमडला, परत सरळ केला. मग खाली बघत म्हणाली, "माह्ये बाबा तसेच हायेत."

मला आधी कळलंच नाही. तसेच म्हणजे कसे, मी विचारलं. तिने सांगितलं. सहा वर्षांपूर्वी, ती आठवीत असताना, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी वडिलांना ताप चढला. मेंदूज्वर निघाला. महिनाभर औरंगाबादच्या दवाखान्यात होते. जगले. पण त्या पोळ्यानंतरचं काहीच त्यांच्या डोक्यात नाही.

"तू हे आजवर कुणाला बोलली नाहीस?"

"काय बोलू मॅडम? लोकं म्हणतात येडा झाला. बाबा येडे नाईत."

त्या रविवारी मी तिच्या घरी गेले. ओट्यावर पन्नाशीच्या आतबाहेरचा एक माणूस सुपात लसूण सोलत बसला होता. अंगात स्वच्छ पांढरा सदरा, हात भाजीवाल्याचे, नखांच्या कडा काळसर. हेच निवृत्तीभाऊ. मला बघून ते उठले.

"या बाई, या. प्रतीक्षाच्या शाळेतल्या मॅडम काय? अभ्यास करते का नाई पोट्टी? पाहा ना, आठवीतच कशी लय उंच होऊन गेली."

त्यांच्याशेजारी एकोणीस वर्षांची प्रतीक्षा उभी होती. ती हसली. तिला सवय होती.

आम्ही बोललो. टमाट्याला कुठली माती लागते, मिरचीवर पानं मुरडणारा चुरडा कधी पडतो, मेहकरच्या बाजारात कोथिंबिरीच्या जुड्या कशा रचायच्या म्हणजे दुपारपर्यंत मलूल होत नाहीत. माणूस हुशार, बोलायला गोड, मध्येच एखादी मिश्किल गोष्ट सोडणारा. मला वाटू लागलं, प्रतीक्षाने जरा वाढवूनच सांगितलं असावं. पाणी प्यायला मी आत गेले. तीन-चार मिनिटांनी बाहेर आले.

निवृत्तीभाऊ उठले. "या बाई, या. प्रतीक्षाच्या शाळेतल्या मॅडम काय? अभ्यास करते का नाई पोट्टी?"

तेच शब्द, तेच हसू, तोच सुपाकडे वळणारा हात. इतकी वर्षं मी ही गोष्ट फळ्यापाशी उभी राहून सांगत होते. आता ती माझ्यापुढे पांढरा सदरा घालून उभी होती, आणि मला बसा म्हणत होती.

प्रतीक्षाची आई पुष्पाबाई मला मागच्या अंगणात घेऊन गेल्या. त्यांनी सगळं सांगितलं, रडल्या नाहीत. "जुनं सगळं हाय त्याईच्या ध्यानात. लगीन, पोट्टी झाली तो दिवस, बांधावरचं एक न् एक झाड. पोळ्याच्या पुढचं काई नाई. आमी तीन वर्षांमागं वावरात ठिबक टाकलं. आता त्याईले ठिबकच माईत नाई. सकाळी उठले की फावडं घेऊन पाण्याले दांड पाडाले निघायचे, अन् ठिबकच्या नळ्या तोडून ठेवायचे. दहा मिन्टांनी इचारलं तं म्हनायचे, मी कायले तोडू? शेवटी सहदेवभाऊजीनं वावरात जानं बंद केलं त्याईचं. दोन वर्षं झाली. वावरातला माणूस, मॅडम. लसूण सोलते."

"सहदेव म्हणजे?"

"लहाने भाऊ. आता सगळं वावर तेच पाह्यतात. मानूस वाईट नाई."

प्रतीक्षा मध्येच म्हणाली, "आई, बाबा काकाले पाहून आत जातात ते सांग ना."

"ते बिमारीचं असंल," पुष्पाबाई म्हणाल्या. "भाऊजी आले की हे उठतात अन् आतल्या खोलीत जाऊन बसतात. काऊन म्हनलं तं म्हणतात, काई नाई, पाणी प्यायले आलो."

मी ते ऐकलं आणि सोडून दिलं.

प्रतीक्षाला काय हवं होतं ते ती परतीच्या रस्त्यावर, एसटीच्या थांब्यापाशी बोलली. तिला तो आरसा बाबांपुढे ठेवायचा होता. मी लगेच हो म्हटलं नाही. माणूस म्हणजे कपाटातली वस्तू नव्हे. ओळखीतून औरंगाबादच्या मेंदूविकाराच्या एका डॉक्टरांचा फोन मिळवला, त्यांना विचारलं. ते म्हणाले, चित्र काढण्यात धोका काही नाही, पण त्यांना विचारून करा, आणि दर वेळी विचारा, कारण कालचा होकार त्यांच्याजवळ नसेल. हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं.

यंत्र एसटीत मांडीवर घेऊन गेले. कंडक्टरने विचारलं, मॅडम, देव्हारा का?

पहिल्या दिवशी निवृत्तीभाऊंना सगळं समजावून सांगितलं. "करून पाह्यतो ना," ते म्हणाले, "त्यात काय." पेन्सिल धरली आणि पहिल्याच कोपऱ्यावर हात थिजला. पेन्सिल रेघेबाहेर गेली, परत आत आली, दुसरीकडून बाहेर गेली. "हा आरशातला मानूस माहं ऐकून नाई राह्यला," ते म्हणाले आणि स्वतःच हसले. रेघ ओलांडली की एक चूक, असं प्रतीक्षा मोजत होती. पहिल्या चांदणीला एक्केचाळीस चुका. पाच चांदण्या काढून घेतल्या. पाचवीला सत्तावीस.

दुसऱ्या दिवशी मी यंत्र ओट्यावर ठेवलं.

"हे काय हाय बाई?"

"भाऊ, हे तुम्ही कधी पाहिलंय का?"

"नाई बाप्पा. आज पह्यल्यांदाच."

परत पहिल्यापासून समजावलं, परत विचारलं, परत ते हो म्हणाले. मला पुस्तकातलं ठाऊक होतं. तरी खरं सांगते, माझ्या मनाने चाळिशीच्या आसपासचा आकडा धरून ठेवला होता. समोर बसलेला माणूस पहिल्यांदाच पेन्सिल हातात घेत होता, त्याच्या डोळ्यांत ते स्पष्ट दिसत होतं. पेन्सिल कोपऱ्यावर आली, क्षणभर थांबली आणि वळली.

प्रतीक्षाने आकडा बोलून दाखवला नाही. वही माझ्याकडे सरकवली. तेवीस.

तिसऱ्या दिवशी पहिल्या चांदणीला अकरा चुका झाल्या. मग सात, मग सहा, मग तीन. पाचवी चांदणी सुरू झाली तेव्हा प्रतीक्षा फळीवर वाकून बघत होती. पुष्पाबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. पेन्सिल एका कोपऱ्यातून निघायची, सरळ जायची, दुसऱ्या कोपऱ्यावर न थबकता वळायची. ज्याने हे कधीच केलं नव्हतं असं तो माणूस शपथेवर सांगू शकला असता, त्याचा हात जुन्या कारागिरासारखा चालला होता. दहाही कोपरे झाले. चूक एकही नाही.

निवृत्तीभाऊंनी पेन्सिल खाली ठेवली आणि स्वतःचा हात उलटसुलट करून बघितला.

"मॅडम, ह्या हाताले हे कोनं शिकवलं?"

मी कॉलेजात शुद्ध बोलते. धामणगाव बढ्याची माझी माहेरची बोली मी मेहकरला कधी तोंडातून काढत नाही. पण त्या वेळी मी म्हणाले, "तुमीच शिकवलं भाऊ. तुमाले मालूम नाई, हाताले ठाऊक हाय."

पुस्तकात हे दीड पानात आटपतं. मी कित्येकदा दीड पानातच आटपलं होतं. माणसाच्या आत त्यालाही न दिसणारी एक खोली आहे, तिथे दिवा न लावता कुणीतरी काम करत बसलेलं असतं, आणि आपण त्याला कधी विचारतही नाही. मला त्या यंत्राला हात लावायचीही भीती वाटायला लागली.

तेवढ्यात निवृत्तीभाऊंची नजर दाराकडे गेली आणि ते उठले. आतल्या खोलीत निघून गेले. मी वळून बघितलं. अंगणात डोक्याला दुपट्टा बांधलेला एक माणूस उभा होता, हातात भेंडीची थैली. तो सहदेव. बराच वेळ तिथे उभा असावा.

"मी पाह्यलं," तो मला म्हणाला. "ते चित्र दादानं काढलेलं. सगळं पाह्यलं."

प्रतीक्षाने विचारलं, "मॅडम, हे फक्त हाताच्या कामाचंच असते का? बाकीचं काई राहते का आत?"

म्हणून मी टाचणीची गोष्ट सांगितली. दुसरं काही कारण नव्हतं. जिनिव्हामधल्या एका डॉक्टरची, शंभर वर्षांहून जुनी. त्याच्याकडे अशीच एक बाई होती, सगळं विसरणारी. डॉक्टर रोज तिच्याशी हात मिळवायचा आणि रोज नव्याने आपलं नाव सांगायचा. एक दिवस त्याने बोटांच्या मध्ये टाचणी लपवली आणि हात मिळवताना ती तिला टोचली. थोड्या वेळात बाई टोचलेलं विसरून गेली. डॉक्टर कोण तेही विसरली. पण पुढच्या भेटीत त्याने हात पुढे केला, तेव्हा तिने आपला हात मागे घेतला. का घेतला, ते तिलाही धड सांगता येईना. असा प्रयोग आज कुणी करणार नाही, करूही नये, पण त्यातून कळलं ते खरं आहे, मी म्हणाले. घटना विसरली जाते. भीती राहते.

माझं बोलणं संपलं आणि सहदेव पायरीवर खाली बसला. भेंडीची थैली बाजूला कलंडली.

"मॅडम, ते टाचणी मी टोचली."

पुष्पाबाई म्हणाल्या, "काय?"

"वहिनी, दोन वर्षांमागं. दादानं तिसऱ्यांदा नळ्या तोडल्या तवा. मिरचीचे दोन वाफे पार सुकून गेले होते. मी म्हनलं, दादा काऊन तोडल्या? तो म्हने, मी नाई तोडल्या. हातात फावडं, अन् म्हने मी नाई तोडल्या. माहं डोस्कं फिरलं. मी त्याले मारलं वहिनी. फावड्याच्या दांड्यानं मारलं, पाठीवर. तीन-चार." त्याने तोंडावरून दुपट्टा फिरवला. "तो खाली बसला. मंग उठला अन् म्हने, सहदेव, पाठ काऊन दुखते रे माही? मले वाटलं, गेलं. पाच मिन्टात गेलं. त्याले कुठं आठवते."

अंगणात कोंबड्या फिरत होत्या. प्रतीक्षाने चुकांची वही मिटली.

पुष्पाबाई दिराकडे वळल्या. मग हळू आवाजात बोलल्या, "दोन वर्षं ते माह्या डोळ्यांपुढं उठून आत जात होते. अन् मी म्हनायची, बिमारी हाय." त्या आत गेल्या. आतून त्यांचा आवाज आला, "अहो, पाणी पेले का? मी हाय इथं. बसा."

मी यंत्र पिशवीत भरलं. सहदेव फाटकापर्यंत माझ्यामागे आला.

"मॅडम, एक इचारू? तो हात चांदणी शिकला. ठिबक शिकंन का?"

हे मला सुचायला हवं होतं. वर्गात मी शेवटी एक वाक्य घाईत सांगते, की या प्रयोगांमधून पुढे विस्मरण झालेल्या लोकांना कामं शिकवायच्या पद्धती निघाल्या. कुठल्या, ते कुणी विचारत नाही आणि मीही सांगत नाही. आता सांगितलं. पद्धत अशी की त्यांना चूकच होऊ द्यायची नाही. सांगा बरं पुढं काय, असं विचारायचं नाही. तुमच्या-आमच्यासारखा माणूस चुकतो, चूक लक्षात ठेवतो आणि सुधारतो. त्यांच्याजवळ ती चूक चूक म्हणून राहत नाही, हात मात्र ती शिकून बसतो. म्हणून पहिल्यापासून हात धरून बरोबर तेच करून घ्यायचं, रोज, त्याच क्रमाने, त्याच जागी. आणि न ओरडता.

"मी शिकवतो," सहदेव म्हणाला.

"तुमी नाई." पुष्पाबाई दारात उभ्या होत्या. "प्रतीक्षा शिकवंन."

तसंच झालं. दुसऱ्या दिवसापासून प्रतीक्षा एसटीच्या आधी तासभर बाबांना घेऊन वावरात जाऊ लागली. काम असं ठरवलं की चुकलं तरी पिकाचं फार नुकसान होऊ नये. आधी फिल्टरचा खालचा कॉक उघडून गाळ सोडायचा. मग मोटर. मग पहिल्या वाफ्यांचं पाणी, दुसऱ्यांचं, तिसऱ्यांचं. पाणी सोडायचे-बंद करायचे तीन व्हॉल होते आणि त्यात एक मेख होती. पुढचा व्हॉल उघडल्याशिवाय मागचा बंद करायचा नाही, नाहीतर पाण्याचा जोर अडतो आणि पाइप फाटतो. प्रतीक्षा बाबांचा हात धरून प्रत्येक व्हॉलवर ठेवायची आणि सोबत फिरवायची. रस्त्यात ते रोज थांबायचे. लांबवर समृद्धी महामार्गावरून गाड्या पळताना दिसायच्या, आणि ते रोज म्हणायचे, "अरे बाप्पा, हा एवढा रस्ता कवा झाला?" प्रतीक्षा रोज सांगायची.

सगळं सुरळीत झालं असं नाही. पंधराव्या दिवशी प्रतीक्षा फोनवर बोलत मागे राहिली आणि बाबांनी कोपऱ्यातलं फावडं उचललं. चार नळ्या तुटल्या. सहदेवने त्या गुपचूप जोडल्या आणि वावरातली सगळी फावडी आपल्या घरी नेऊन ठेवली. तो रोज सकाळी यायचा. भावासाठी चहाचा पेला आणायचा, बांधावर ठेवायचा आणि लांब जाऊन उभा राहायचा. पहिले काही दिवस निवृत्तीभाऊ तो लांबून दिसला तरी उलट्या दिशेला चालायला लागायचे. प्रतीक्षा मला येऊन सांगायची. मग एके दिवशी तिने सांगितलं, आज बाबा गेले नाहीत, नुसतं बघत राहिले. मग, आज काका दहा पावलांवर होता आणि बाबांनी चहा घेतला.

पुष्पाबाई एकदा कॉलेजात आल्या होत्या, प्रतीक्षाच्या फॉर्मवर सही करायला. जाताना थांबल्या. "मॅडम, तुमी म्हनल्या का भेव राहते आत. मंग दुसरं बी राहत असंल का? मी सहा वर्षं त्याईले रोज सकाळी डोक्याले तेल लावते. त्याईले एकबी दिवस याद नाई. ते जमा होत असंल का कुठं?"

मी म्हणाले, संशोधन तसं सुचवतं. विस्मरण झालेल्या लोकांना दुःखाची किंवा आनंदाची दृश्यं दाखवली तर दृश्यं पुसली जातात आणि मनावरचा त्यांचा रंग मागे राहतो, असं दिसून आलंय. पण सहा वर्षांचं तेल कुठे जातं, ते मला सांगता येणार नाही.

"सुचवते ना? बस झालं," त्या म्हणाल्या. तोंडावर पदर दाबून त्या पायऱ्या उतरल्या.

डिसेंबरात प्रतीक्षाची सत्र परीक्षा होती. सकाळचा पेपर. तिने आदल्या दिवशी विचारलं, "मॅडम, उद्या बाबांसंगं काका जाईन. आई हो म्हनली. तुमी येसान का?" माझी पेपरवर ड्युटी नव्हती, गेले.

थंडी होती. वाफ्यांवर दहिवर पडलेलं. पुष्पाबाई बांधावर उभ्या राहिल्या, मी त्यांच्याजवळ. निवृत्तीभाऊ आणि सहदेव फिल्टरपाशी होते, दोघांच्या मध्ये हातभर अंतर. आम्हाला त्यांचं बोलणं ऐकू येत होतं.

"सहदेव, हे काय बसवलं रे वावरात?"

"ठिबक हाय दादा."

"आपल्या वावरात कुठं ठिबक? आपलं पाटाचं पाणी." असं म्हणता म्हणता निवृत्तीभाऊ खाली वाकले. त्यांच्या उजव्या हाताने फिल्टरचा कॉक फिरवला. गढूळ पाणी भस्सकन बाहेर आलं. ते वाहू दिलं, स्वच्छ झाल्यावर कॉक बंद केला. मान वर करून ते भावाला पाटाच्या पाण्याचे फायदे सांगतच होते. हात आपलं काम करत होता. तोंड आणि हात जणू दोन वेगळी माणसं होती, एक बोलणारा आणि एक करणारा, आणि बोलणाऱ्याला करणाऱ्याचा पत्ता नव्हता.

पहिले वाफे भिजून झाले. सहदेव भावाच्या तोंडाकडे बघण्यात इतका गुंगला होता की त्याचं भान सुटलं. तो पुढे झाला आणि त्याने पहिला व्हॉल बंद करायला घेतला.

निवृत्तीभाऊंचा हात झटकन पुढे आला आणि त्याने सहदेवचं मनगट पकडलं.

पुष्पाबाईंनी माझा दंड घट्ट धरला. सहदेव जागच्या जागी थिजला. त्याच्या भावाने दोन वर्षांत त्याला स्पर्श केला नव्हता.

"अंहं," निवृत्तीभाऊ म्हणाले. "आंधी दुसरा."

"काऊन दादा?" सहदेवने विचारलं.

निवृत्तीभाऊंनी कपाळाला आठ्या घातल्या. खरंच विचार करून बघितला. मग मान हलवली.

"काऊन ते मले माईत नाई. पण आंधी दुसरा. पाइप फाटंन ना बे."

मनगट त्यांनी सोडलं नाही. ते तसंच धरून, लहान भावाला ओढतच ते दुसऱ्या व्हॉलपर्यंत गेले आणि डाव्या हाताने तो उघडला. नळ्यांमधून हवा निघाल्याचा बारीक फुसफुस आवाज वाफ्याच्या त्या टोकापर्यंत गेला. मिरचीच्या बुडाशी एक थेंब लोंबला, पडला. मग दुसरा.

"चाल," निवृत्तीभाऊ म्हणाले, "आता पह्यला बंद कर."

सहदेवने केला.